फुकट खेळता ते खेळा, वर 'जाहिरात करतो' म्हणू नका

कोडेवाला_धरमपेठ: परवा इथंच एकानं ठणकावलं, 'छोट्या डेव्हलपरचा गेम क्रॅक केला, म्हणजे कुलूप तोडून फुकट वाटला, तर त्याची फुकटात जाहिरात होते.' तेव्हापासून डोकं तापलंय. आम्ही तिघांनी नोकऱ्या सांभाळून दोन वर्षं एक कोड्यांचा गेम केला. किंमत १९९, त्यातले ३० टक्के स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान कापून घेतं. गेम आल्यावर चौथ्या दिवशी एका पोट्ट्याचा मेसेज, 'दादा, तिसऱ्या लेव्हलचं दार उघडत नाही.' ते दार आम्ही पहिल्याच रात्री अपडेट टाकून दुरुस्त केलं होतं. म्हणजे याच्याकडं अपडेट न मिळालेली क्रॅक प्रत! तरी अर्धा तास बसून उत्तर दिलं. त्या आठवड्यातली विक्री ४१.
ग्रीनहार्ट कंपनीनं २०१३ मध्ये आपल्या 'गेम डेव्ह टायकून'ची, म्हणजे गेम कंपनी चालवायच्या गेमची, क्रॅक प्रत स्वतःच फुकट डाउनलोडच्या टोरेंट साइटवर सोडली होती. पहिल्या दिवशी खेळणाऱ्यांतले ९३.६ टक्के फुकटे, विकत घेणारे २१४. त्या प्रतीत पायरसीमुळे तुमची कंपनी बुडते. आणि हेच फुकटे विचारत होते, ही पायरसी थांबवायची कशी!

बर्डीचा_बबन: ते ९३ टक्के ऐकून कान किटले भाऊ. त्यातले किती जण विकत घेणार होते, ते सांगा नं. २००९ ला मी बर्डीच्या फुटपाथवरून पन्नास रुपयांत सीडी घ्यायचो. घरात कार्ड कोणाकडं होतं? स्टीमवर रुपयात भाव आले तेच २०१५ ला. आज माझ्याकडं १६० गेम विकतचे आहेत, ही सवय त्या फुटपाथनंच लावली. 'हॉटलाइन मायामी' गेमचा डेव्हलपर तर २०१२ ला स्वतः पायरेट बे या टोरेंट साइटवर जाऊन फुकट्यांच्या अडचणी सोडवत होता.

मेधा_महाल: चोरी ती चोरी. कारणं कशाला?

बर्डीचा_बबन: काऊन ताई, दिवाळीत कॉलनीच्या ग्रुपवर पाच दिवाळी अंकांच्या पीडीएफ कोणी टाकल्या होत्या?

मेधा_महाल: त्या मला आलेल्या, मी फक्त पुढे पाठवल्या. आणि चारशे रुपयांचा अंक, तोही इथं वेळेवर मिळत नाही.

बर्डीचा_बबन: म्हणजे 'परवडत नाही, मिळत नाही' तुम्हाला चालतं, आम्हाला नाही! वा राजेहो.

सक्करदऱ्याचा_सुभ्या: हसू नका बे. माझे बाबा दरवर्षी अंकांचा स्टॉल लावायचे. शेवटच्या वर्षी एक काका आले, अनुक्रमणिकेचा फोटो काढला, म्हणाले, 'कोणता मागवायचा ते बघतो, पीडीएफ येतेच.' बाबा काही बोलले नाहीत. उरलेले गठ्ठे अजून माळ्यावर आहेत.

मेधा_महाल: माझ्यामुळे बंद पडला का तो स्टॉल? उगाच अंगावर येऊ नका.

कोडेवाला_धरमपेठ: अहो, धागा गेमचा आहे! दिवाळी अंकांचा दुसरा काढा.

बर्डीचा_बबन: बरं, गेमचं. युरोपियन कमिशननं करवून घेतलेला अहवाल २०१७ ला बाहेर आला. नव्या मोठ्या सिनेमांना फटका दिसला, गेमची विक्री घटल्याचं सिद्ध झालं नाही. आता बोला.

कोडेवाला_धरमपेठ: त्यात सगळे गेम एका पोत्यात आहेत. ज्याचं नाव आधीच झालंय त्याला चर्चा पुरते. आमचा गेम क्रॅकवर खेळून कोणी कोणाला सांगितलं? त्या पोट्ट्यानं सांगितलं ते एवढंच, की दार उघडत नाही.

सक्करदऱ्याचा_सुभ्या: हे मात्र बरोबर आहे, बबन.

बर्डीचा_बबन: असेल. आत्ताच १९९ भरले, रडणं थांबवा. दार उघडलं. पण पाचव्या लेव्हलचं संगीत डोकं खातं.

कोडेवाला_धरमपेठ: ४२. संगीत बंद करायचं बटण सेटिंगमध्ये आहे.