दृष्टिपटलाच्या आजारांवर घडवलेले एक्झोसोम : वाहक बदलला तर उपचार बदलेल का?

पेशीवेध

उतारवयात मॅक्युलाखाली, म्हणजे दृष्टिपटलाच्या (डोळ्याच्या पडद्याच्या) मध्यभागाखाली, नव्या, गळक्या रक्तवाहिन्या फुटून दृष्टी जाते. त्या आजारासाठी २००६ साली रॅनिबिझुमॅब हे रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे, प्रतिपिंड-वर्गातले औषध आले, पुढे याच जातीची औषधे मधुमेहामुळे पडद्यावर येणाऱ्या सुजेलाही लागू झाली, आणि लाखो लोकांची नजर टिकली. औषध पोहोचवण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर सुई घालायची, ०.०५ मिलिलिटर द्रव डोळ्यातील जेलीत सोडायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच करायचे. माझे मत असे, की या क्षेत्रातली पुढची झेप नव्या रेणूत नसून वाहकात आहे, आणि तो वाहक म्हणून घडवलेल्या एक्झोसोमवर आपल्याकडील संशोधनसंस्थांनी आताच गांभीर्याने काम हाती घ्यावे.

एक्झोसोम म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली, साधारण ३० ते १५० नॅनोमीटर व्यासाची, मेदाचे आवरण असलेली पिशवी. मेंढीच्या तांबड्या पेशी परिपक्व होताना आपल्यावरील ट्रान्सफेरिन या लोहवाहक प्रथिनाचे ग्राहक (रिसेप्टर) अशा पिशव्यांतून बाहेर टाकतात, हे १९८३ साली रोझ जॉनस्टोन यांच्या गटाने दाखवले, तेव्हा तो पेशीचा केरकचरा समजला गेला. २००७ मध्ये स्वीडनमधील गटाने या पिशव्यांत आरएनए असतो आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन कामही करतो, हे दाखवून दिले. २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने पिशवीवरच्या लॅम्प-२बी या प्रथिनाला रेबीजच्या विषाणूतील चेतापेशींना चिकटणारा एक छोटा तुकडा जोडला आणि ती पिशवी रक्तावाटे उंदराच्या मेंदूपर्यंत नेली. याचा अर्थ पिशवीवर पत्ता लिहिता येतो.

दृष्टिपटलाच्या बाबतीत मला सर्वांत आश्वासक वाटणारे काम २०२१ मधले आहे. नियामक टी-पेशींच्या, म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशींच्या, एक्झोसोमला रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी प्रतिपिंडे जोडलेली होती, आणि तो जोड असा होता की नव्या रक्तवाहिन्यांच्या जागी जास्त प्रमाणात असणाऱ्या विकरांनीच तो तुटावा. तिथे पोहोचल्यावर प्रतिपिंड सुटे होऊन आपले काम करते आणि मागे उरलेला एक्झोसोम दाह शमवतो. उंदरांत आणि माकडवर्गीय प्राण्यांतही याचा गुण दिसला. एकाच वाहकात दोन औषधांचे काम होत असेल, तर ते दूरचे म्हणून बाजूला ठेवू नये.

नेत्रपल्लवी

मी पडद्याच्या शस्त्रक्रिया करते, त्यामुळे या विषयाकडे टेबलाजवळून पाहते. पेशीवेध यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही.

मेंदूसाठी पत्ता लागतो, कारण शिरेतून दिलेल्या पिशव्यांपैकी बहुतेक यकृत आणि प्लीहा अडवतात. डोळ्यात आपण सुईने थेट आतच औषध सोडतो, म्हणजे पत्त्याचा मोठा भाग सुईनेच लिहून झालेला असतो. प्रतिपिंडे तिथून पडद्यापर्यंत पोहोचतात, हे रोज दिसते. रुग्णाची खरी अडचण वेगळी आहे. औषध टिकत नाही, दर महिन्या-दोन महिन्यांनी यावे लागते, सोबतीला येणाऱ्याची मजुरी बुडते, आणि चौथ्या-पाचव्या खेपेनंतर माणूस यायचा थांबतो. सहा-आठ महिन्यांनी तोच माणूस पडद्यावर रक्तस्राव घेऊन परत येतो, तेव्हा माझ्या हाती फारसे काही उरलेले नसते. एक्झोसोम जेलीत अधिक काळ टिकतो असे ठामपणे सांगणारा माणसातला पुरावा कोणी दाखवला, तर मी माझे मत बदलीन.

दुसरी गोष्ट उंदराच्या डोळ्याची. त्या डोळ्यातली बहुतेक जागा भिंगानेच व्यापलेली असते, जेली नाममात्र असते आणि पडद्यावरचे आतले आवरण माणसाच्या तुलनेत फार पातळ असते. माणसाच्या डोळ्यात चार मिलिलिटरच्या आसपास जेली असते आणि ते आवरण चांगलेच जाड असते. जेलीत सोडलेले विषाणुवाहक (जनुक पोहोचवण्यासाठी वापरलेले विषाणू) उंदरात छान पसरतात आणि माकडाच्या डोळ्यात मॅक्युलाभोवतीच्या लहानशा कड्याबाहेर फारसे जात नाहीत, हा धडा जनुकोपचाराने आपल्याला आधीच दिला आहे.

पेशीवेध

पत्ता दोन पातळ्यांवरचा असतो, एक डोळ्याचा आणि दुसरा डोळ्यातल्या पेशीचा. प्रतिपिंडाला पेशीबाहेरच काम असते, म्हणून त्याला दुसरा पत्ता लागत नाही. पण काचबिंदूत ज्या चेतापेशी मरतात त्यांना वाचवायचे असेल, किंवा एखाद्या जनुकाचे काम आत जाऊन थांबवायचे असेल, तर आरएनए पेशीच्या आत गेलाच पाहिजे, आणि नुसता आरएनए जेलीत सोडला तर तो तिथेच विरघळतो. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेतील काम या दृष्टीने पाहावे. उंदीरवर्गीय प्राण्यांची दृष्टिचेता चिमट्याने दाबून इजा केल्यानंतर अस्थिमज्जेतील मूलपेशींचे एक्झोसोम डोळ्यात दिले, तेव्हा चेतापेशी जास्त वाचल्या. फायब्रोब्लास्ट या जोडऊतीतल्या साध्या पेशींचे एक्झोसोम दिले, तेव्हा तसा गुण आला नाही. सूक्ष्म-आरएनए (जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणारे छोटे आरएनए) कमी केलेल्या मूलपेशींचे एक्झोसोम दिले, तेव्हाही तो घटला. म्हणजे गुण पिशवीचा नव्हता, आतल्या मालाचा होता.

आवरणाची अडचण खरी आहे. बॉस्टनमधील गटाने २०१७ मध्येच एक्झोसोममध्ये गुंडाळलेला एएव्ही विषाणुवाहक उंदराच्या जेलीत सोडला आणि तो नेहमीच्या वाहकापेक्षा पडद्याच्या अधिक खोल थरांत गेला. प्रयोग उंदरावरचाच आहे, हे मी लपवीत नाही. पण आज जनुकोपचारासाठी पडदा उचलून त्याच्याखाली द्रव सोडावा लागतो. २०१७ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लक्सटर्ना या आनुवंशिक अंधत्वावरच्या जनुकोपचाराची दोन्ही डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली, आणि ती शस्त्रक्रिया मोजक्या केंद्रांतच होते. साध्या सुईने तेवढे खोल जाता आले, तर जिल्ह्याच्या ठिकाणीही उपचार पोहोचेल. मला ओढ आहे ती त्यासाठी.

हिशेबनीस

माझे आयुष्य जैविक औषधांच्या उत्पादनात आणि गुणवत्ता-तपासणीत गेले आहे, म्हणून मी फक्त त्या बाजूने लिहितो.

२०१४ मध्ये सूक्ष्म-आरएनएची प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा भरपूर असलेल्या एखाद्या सूक्ष्म-आरएनएचीही एक प्रत सापडायला सरासरी शंभराहून अधिक एक्झोसोम लागतात, असे आढळले. म्हणजे बहुतेक पिशव्या त्या मालाच्या बाबतीत रिकाम्या असतात. बाहेरून माल भरायचा म्हटले, तर विजेचा झटका देऊन आवरणाला छिद्रे पाडण्याची पद्धत सर्रास वापरली गेली. २०१३ मध्ये दिसले, की त्या झटक्याने आरएनएच्याच गुठळ्या होतात आणि पिशवीत न गेलेला आरएनएही गेल्यासारखा मोजला जातो. अशा स्थितीत एका कुपीवर मात्रा काय लिहायची? रॅनिबिझुमॅबच्या कुपीत किती मिलिग्रॅम आहे हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. एक्झोसोमच्या कुपीत कणांची संख्या लिहू, की प्रथिनाचे वजन, की त्यातल्या भरलेल्या पिशव्यांची संख्या, यावर आधी एकमत व्हावे लागेल. गाळून काढताना रक्तद्रवातील मेदप्रथिने सोबत येतात, ती वेगळी.

कोडियाक या अमेरिकी कंपनीने याच तंत्रावर कर्करोगाची औषधे मानवी चाचण्यांपर्यंत नेली होती आणि स्वतःचे उत्पादनकेंद्रही उभारले होते. मार्च २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पैसा आणि हुशार माणसे दोन्ही असूनही हे झाले. सरकारी निधी मिळाला, तर तो आधी मोजमापाच्या आणि शुद्धीकरणाच्या प्रयोगशाळेला द्यावा, असे माझे म्हणणे आहे.

कातरवेळ

मी संशोधक नाही. माझ्या आईला मधुमेह आहे आणि तिच्या डाव्या डोळ्यात आतापर्यंत अकरा इंजेक्शने झाली आहेत. दर वेळी डोळ्यावर हिरवे कापड अंथरतात, बीटाडीनचे थेंब टाकतात, पापण्यांना तारेचा चिमटा लावतात आणि तिला वर पाहायला सांगतात. घरी येताना ती रिक्षात सांगते, की खाली काळा गोल बुडबुडा हलतो आहे. डॉक्टरांनी सांगितले आहे, की तो हवेचा असतो आणि एक-दोन दिवसांत जातो, तरी ती तो जाईपर्यंत मोजत बसते.

गेल्या वर्षी एका खासगी केंद्रात आम्हाला मूलपेशींच्या एक्झोसोमचे इंजेक्शन सुचवले गेले. कशापासून बनवले, कोणाची परवानगी आहे, असे मी विचारल्यावर छापील पत्रक पुढे आले आणि त्यात वरच्या चर्चेतले निम्मे शब्द होते. आम्ही घेतले नाही. नंतर वाचले, की अमेरिकेतील फ्लोरिडात २०१५ मध्ये तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी चरबीतून काढलेल्या मूलपेशी टोचल्या गेल्या आणि त्यांची दृष्टी गेली. त्यासाठी त्यांच्याकडून पैसेही घेतले होते. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने एक्झोसोमच्या नावाने विकल्या जाणाऱ्या उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला, कारण नेब्रास्कात काही रुग्णांना गंभीर त्रास झाला होता.

पेशीवेध, तुम्ही मनापासून लिहिता हे कळते. पण तुमचा प्रत्येक आशादायक परिच्छेद कोणीतरी पत्रकात उतरवून घेतो. तो वाचणारी माझी आई असते, आणि ती सुईला कंटाळलेली असते.

नेत्रपल्लवी

कातरवेळ यांच्यासारखा प्रसंग माझे रुग्णही सांगतात. आपल्याकडे २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार मूलपेशींपासून तयार केलेले उत्पादन कायम नवीन औषधच मानले जाते, त्यामुळे केंद्रीय औषध नियंत्रकांच्या मान्यतेशिवाय ते रुग्णाला टोचणे नियमबाह्य आहे. चाचणीत सहभागी करून त्यासाठी पैसे मागत असतील, तर तिथून उठून यावे.

यात वैद्यकीय धोकाही आहे. चीनमधील तिएनचिन येथे मॅक्युलाचे न भरणारे छिद्र असलेल्या थोड्याच रुग्णांवर मूलपेशींचे एक्झोसोम वापरले गेले. काही छिद्रे बुजली, हे खरे, पण जास्त मात्रा दिलेल्या एका रुग्णाच्या डोळ्यात दाह उठला. २०१९ मध्ये मान्य झालेल्या ब्रोलुसिझुमॅब या रॅनिबिझुमॅबच्याच जातीच्या औषधाचेही असेच झाले. मोठ्या चाचण्यांतून गेलेले हे औषध, पण वापरात आल्यावर २०२० मध्ये त्याने पडद्याच्या रक्तवाहिन्यांना दाह होतो, असे दिसले. तिथे निदान मात्रा ठाऊक होती.

पेशीवेध

हिशेबनीस यांचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारतो आणि माझी मागणी त्याप्रमाणे बदलतो. कुपीतील भरलेल्या पिशव्यांची संख्या मोजता येत नाही, तोपर्यंत माणसाच्या डोळ्यात काही सोडू नये, आणि निधी आधी त्या मोजणीला जावा. सूक्ष्म-आरएनएच्या त्या मोजणीबद्दल एवढेच सांगतो, की ती पेशीने आपसूक भरलेल्या पिशव्यांची होती. पेशीतच मालाला पिशवीच्या प्रथिनाशी बांधून ठेवायच्या पद्धती विजेच्या झटक्यापेक्षा वेगळ्या आहेत, आणि ‘घडवलेले’ हा शब्द मी त्यासाठीच वापरला होता.

नेत्रपल्लवी यांच्याशी मतभेद कायम आहे. टिकण्याच्या कसोटीवर एक्झोसोम आज उतरत नाही, हे मान्य. पण पेशीच्या आत माल नेण्याचे काम डोळ्यात आज वापरली जाणारी प्रतिपिंडे करत नाहीत, आणि काचबिंदूच्या रुग्णाला आज डोळ्याचा दाब कमी करण्यापलीकडे आपण काही देत नाही.

कातरवेळ, पहिल्या प्रतिसादातले ‘गुण दिसला’ हे वाक्य मी बदलून ‘प्राण्यांत गुण दिसला, माणसांत अजून तपासलेले नाही’ असे करतो आहे.