पूलच्या खेळात पुढे सरकतच नाहीये, स्वतःचा क्यू (बॉल मारायची काठी) घेऊ का?

शनिवारचा_गडी:
मंडळी, जरा सल्ला हवाय. मित्रांसोबत सुट्टीच्या दिवशी एट बॉल (पूलचाच एक प्रकार) खेळतो, बरीच वर्षं झाली, पण गाडी एकाच ठिकाणी अडकलीये. दोन-तीन बॉल मस्त जातात आणि मग पांढरा, म्हणजे क्यूने मारायचा बॉल, असा कुठेतरी जाऊन बसतो की पुढचा शॉटच दिसत नाही, मग काहीतरी उडवाउडवी करायची आणि समोरचा येऊन टेबल साफ करून जातो. क्लबमधल्या क्यूंच्या टिपा (टोकावरचं चामडं) पार घासून सपाट झाल्यात, म्हणून म्हटलं आता स्वतःचा घ्यावा, तर वाचायला लागलो आणि डोकंच फिरलं. कार्बन की लाकडी, लो डिफ्लेक्शन म्हणजे नक्की काय, १९ औंस की २०, टिप १२ ची की १३ ची... एक मित्र स्नूकर खेळतो, तो म्हणतो काही घेऊ नकोस, माझाच क्यू वापर. काय करू?

तिरका_कोन:
क्यूचं बाकीचे सांगतीलच, पण तू जे लिहिलंयस ना, दोन-तीन बॉल जातात आणि मग पांढरा हरवतो, ते कुठलाही क्यू घेतलास तरी तसंच राहणार. तुझं पॉटिंग ठीक आहे, पांढरा कुठे जाणार ते तुला मारायच्या आधी माहीत नसतं, दुखणं ते आहे.

दोन गोष्टी डोक्यात पक्क्या कर. कट शॉटमध्ये, म्हणजे बॉल तिरका कापून घालताना, पांढरा नुसता सरपटत गेला, म्हणजे धडकेच्या क्षणी त्याला ना पुढची फिरकी ना मागची, तर तो धडकल्यावर बॉल ज्या दिशेने गेला त्याला काटकोनात सुटतो. आणि पांढरा साधा घरंगळत गेला, कट फार जाड नाही (बॉलला जवळजवळ समोरून) की फार बारीक नाही (नुसता काठाला), तर तो आपल्या मूळ रेषेपासून साधारण ३० अंशांनी वळतो. नेहमीचे बहुतेक शॉट या दोन वाटांच्या आसपासच असतात. वाकायच्या आधी ती वाट बोटाने हवेत काढून बघ, लोक हसले तर हसू देत.

आणि स्टॉप शॉट. कंटाळवाणा आहे, माहितीये, तरी कर. बॉल पॉकेटपासून हातभर, पांढरा त्याच्यामागे सरळ रेषेत, आणि धडकून पांढरा जागच्या जागी थांबला पाहिजे. लोक मध्यावर मारतात आणि पांढरा पुढे का गेला म्हणून वैतागतात. अरे, तो कापडावर घासत जातो, तेवढ्यात पुढची फिरकी पकडतो. म्हणून थोडं खाली मारायचं, आणि अंतर वाढलं किंवा मार हलका असला तर अजून खाली. थांबल्यावर पांढरा जागेवर भोवऱ्यासारखा गरगर फिरत असेल तर समज, मध्यावर मारतोय असं तुला वाटतंय पण टिप डावी-उजवीकडे लागतेय. खात्री करायची असेल तर पांढऱ्याच्या जागी पट्ट्याचा बॉल घे, पट्टा उभा आणि शॉटच्या रेषेत ठेव, मारल्यावर चॉकचा (टिपेला लावतात त्या खडूचा) डाग पट्ट्याच्या मध्यावर आहे की बाजूला, ते बघ. दहा जणांच्या सल्ल्यापेक्षा तो डाग खरं बोलतो.

खडूमहाराज:
वरचं सगळं बरोबर. आता सामानाचं.

स्नूकरचा क्यू नको. स्नूकरचा बॉल ५२.५ मिमीचा, पूलचा ५७ च्या वर आणि वजनाने भारी. स्नूकरची टिप साडेनऊ-दहा मिमीची असते, त्याने पूल खेळता येत नाही असं नाही, पण ब्रेक (डाव फोडायचा पहिला जोरदार फटका) मारून मारून त्या टिपेची वाट लागेल आणि मित्र बोलायचा बंद होईल.

लांबी ५८ इंच, वजन १९ औंसच्या आसपास, यात फार विचार करू नकोस. एखाद-दुसऱ्या औंसाने कुणाचा खेळ सुधारलेला मी तरी बघितला नाही. टिप १२ ते १३ मिमीच्या मधली कुठलीही चालेल, थरांची मीडियम टिप घे. मऊ टिप चेपून पसरते, कडक टिपेला चॉक नीट धरत नाही, नवख्याला मीडियम बरी.

लो डिफ्लेक्शन म्हणजे काय, तर तू पांढऱ्याला उजवीकडे मारलंस की तो किंचित डावीकडे सुटतो. शाफ्टच्या (क्यूचा पुढचा भाग) पुढच्या टोकाला वजन कमी असलं की हे सुटणं कमी होतं. कमी होतं, बंद नाही होत! जाहिरात वाचून लोकांना वाटतं आता साईड (बाजूला मारून दिलेली फिरकी) द्यायची आणि सरळ नेम धरायचा, तसं काही नसतं. आणि तू अजून साईड देतोयस तरी किती? कार्बनचा फायदा खरा आहे, वाकत नाही, खड्डे पडत नाहीत, ओल्या फडक्याने पुसलं की झालं. पण पहिला क्यू म्हणून साधा मेपल लाकडाचा घेतलास तर काही बिघडत नाही.

घेताना जॉइंट बघ, म्हणजे क्यूचे दोन भाग पिनेने जोडतात ती जागा. पिनेचे प्रकार पुष्कळ आहेत आणि एकाचा शाफ्ट दुसऱ्याला बसत नाही, तर जो सहज मिळतो तोच जॉइंट घे म्हणजे पुढेमागे नुसता शाफ्ट बदलता येईल. वरची नक्षी, जडावकाम, सगळे पैसे त्यातच जातात, बॉलला त्यातलं काही कळत नाही.

डावखुरी:
मी थोडी वेगळं म्हणेन. आधी स्ट्रोक सुधार मग क्यू घे, हे ऐकायला छान वाटतं, पण दर वेळी हाताला वेगळा क्यू, कधी टिप सपाट, कधी दांडा वाकडा, तर शॉट चुकला तो तुझ्यामुळे की क्यूमुळे हे कळणार कसं? साधा का होईना, एकच क्यू हातात असला की निदान दोष कुणाचा ते तरी ठरतं. म्हणून घे, आत्ताच घे, फक्त भारीतला नको. आणि ब्रेक मात्र क्लबच्याच क्यूने मार, तुझी टिप वाचेल.

शनिवारचा_गडी:
@तिरका_कोन काल जाऊन पट्ट्याचा बॉल लावून बघितला, डाग प्रत्येक वेळी उजवीकडेच! आता हे सरळ कसं करायचं? आणि एकट्याने सराव म्हटलं की मला झोप येते त्याचं काय...

तिरका_कोन:
सारखा एकाच बाजूला येतोय ना, मग चांगलंय, कारण एकच असणार. फोन समोर ठेव, शॉटच्या रेषेत, आणि व्हिडिओ काढ. बहुतेक मागचा हात मूठ आवळतोय आणि मनगट वळतंय. पकड सैल ठेव, बोटांवर टांगल्यासारखी, आणि मारून झाल्यावर डोकं वर उचलू नकोस, बॉल पॉकेटात पडेपर्यंत खालीच. घरी रिकामी बाटली आडवी ठेवून तिच्या तोंडात क्यू आत-बाहेर कर, काठाला न लागता.

झोप येत असेल तर भुताशी खेळ. तीन बॉल टेबलावर कसेही पसर, पांढरा हवा तिथे ठेव, तिन्ही न चुकता घातलेस तर पॉइंट तुझा, एक जरी चुकला तर भुताचा. प्रत्येक शॉटआधी पांढरा कुठे थांबणार ते मोठ्याने बोलायचं. तीन जमायला लागले की चार कर. भूत हरामखोर आहे, कधीच चुकत नाही, झोप उडते.

खडूमहाराज:
आणि क्यू आणलास की भिंतीला टेकवून ठेवू नको, उन्हात तापलेल्या गाडीत तर अजिबात नको. दुकानात टेबलावर गडगडवून बघ, शाफ्ट आणि खालचा भाग वेगवेगळा, मग जोडून. टिपेचं टोक उड्या मारत असेल तर तो परत ठेव, दुसरा माग.