जुनी इमारत, आजारी माणसं आणि हिरवाई: तुमचं मत काय?

रानवारा:
पडून असलेली जुनी इमारत पाडून तिथे नवं उपचारकेंद्र उभारण्यापेक्षा तीच इमारत निसर्गाच्या जवळ नेऊन वापरावी, असं माझं ठाम मत आहे. उंच छत, जाड भिंती, मधला चौक हे जुन्या बांधकामात बरेचदा आयतंच मिळतं. कर्करोगग्रस्तांना आधार देणारं पहिलं मॅगीज सेंटर एडिंबरामध्ये १९९६ साली रुग्णालयाच्या आवारातल्या जुन्या तबेल्यात सुरू झालं. ज्यांच्या नावाने ते ओळखलं जातं त्या मॅगी केस्विक जेंक्स यांना कर्करोग उलटल्याची बातमी मिळाली, तेव्हा ती पचवायला त्यांच्या वाट्याला बिनखिडकीचा बोळ आला होता. त्या अनुभवातून ही कल्पना निघाली. संशोधक रॉजर उलरिक यांचा १९८४चा अभ्यासही आहेच. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

सावधचित्त:
असहमत. उलरिक यांच्या अभ्यासात ४६ रुग्ण होते, तेही एकाच रुग्णालयातले. शिवाय झाडं खिडकीबाहेर होती, खोलीत नव्हती. आजकाल 'निसर्ग' म्हणून आत कुंड्या, हिरव्या भिंती (भिंतीवर टांगलेली रोपं) आणि कारंजी येतात. प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला ओल्या मातीतली ॲस्परजिलस बुरशी जिवावर बेतू शकते. कारंज्याच्या तुषारांतून लीजिओनेला हे न्यूमोनिया करणारे जिवाणू पसरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. त्यात जुनी इमारत म्हणजे शिशाचे रंग आणि ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असण्याची शक्यता. आणि मॅगीज सेंटरमध्ये औषधोपचार होत नाहीत, तिथे आधार आणि सल्ला मिळतो. तो दाखला रुग्णालयाला कसा लावणार?

चुनेवाला:
मी जुन्या भिंतींचं काम करतो, म्हणून तेवढंच बोलतो. जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत पोपडे आणि बोट लावलं की पांढरी भुकटी, म्हणजे लोणा. खालची ओल भिंतीतून वर चढते, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल सुकत राहते. त्यावर सिमेंटचा थर नि प्लास्टिक रंग चढवला की ती कोंडते आणि आणखी वर सरकते. अशाच भिंतीवर लोक हिरवी भिंत टांगतात, तिला रोज पाणीही घालतात! तिच्या पाठीमागे वर्षभरात काळी बुरशी धरते. आधी सिमेंट खरवडा, पागोळ्यांचं पाणी पायापासून लांब न्या, भिंत सुकू द्या. याला महिने लागतात, घाई चालत नाही. गच्चीवर बाग करायची असेल तर पंधरा सेंटीमीटर भिजलेली माती चौरस मीटरला अडीचशे किलोच्या पुढे भरते. जुन्या लाकडी तुळयांवर ती टाकण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

रात्रपाळी:
+१ चुनेवाला. मी वॉर्डात काम करते. आराखडा करणाऱ्यांनी आधी खाटेवर आडवं पडून खोली बघावी. फिनलंडचे वास्तुरचनाकार अल्वार आल्टो यांनी तिथल्या पाइमिओच्या क्षयरोग रुग्णालयात (१९३३) हाच विचार केला होता. रुग्ण दिवसभर छताकडे बघत पडतो, म्हणून छताला डोळ्यांना न खुपणारा गडद रंग आणि दिवा नजरेआड. जुन्या खिडकीचा कट्टा छातीएवढा उंच असेल, तर बाहेर कितीही सुंदर झाड असो, पडलेल्या माणसाला ते दिसतच नाही.

चुनेवाला:
@रात्रपाळी, बहुतेक ठिकाणी कट्टा कमी उंच करणं जमतं. रुंदी तीच ठेवून कट्टा खाली उतरवला तर वरच्या लिंटलला (खिडकीवरच्या आडव्या तुळईला) सहसा धक्का लागत नाही. रुंदी वाढवणं मात्र जोखमीचं.

रानवारा:
@सावधचित्त, कुंड्या आणि कारंजी आत नकोत, हे मान्य. पण तुमच्या मुद्द्यांतून इमारत पाडावी असं कुठे निघतं? शिसं आणि ॲस्बेस्टॉस पाडतानाही हवेत उडतातच. मला हवंय ते उजेड, वाहती हवा आणि खाटेवरून दिसणारं झाड. चौकातलं मोठं झाड वाढायला दशकं लागतात. ते जिथे आधीच उभं आहे, तिथे बुलडोझर का घालायचा?

सावधचित्त:
झाड ठेवा, इमारतही ठेवा. पण तिथे समुपदेशन, फिजिओथेरपी, नातेवाइकांची विसाव्याची जागा एवढंच करा. केमोथेरपी चालू असलेला रुग्ण जुन्या भिंतींत ठेवायला माझा विरोध कायम आहे. निर्जंतुक हवेसाठी त्या खोल्या बंदच ठेवाव्या लागतील, मग तुमची वाहती हवा कुठे राहिली?