‘निरपेक्षपणे चूक’ असे मराठीत म्हणता येते का?

अनुवादिका
नीतिशास्त्राच्या एका प्राथमिक पाठ्यपुस्तकाचा अनुवाद सध्या माझ्या हाती आहे. योग्य काय आणि अयोग्य काय हे सर्वांसाठी एकच असते की समाजागणिक बदलते, हा त्यातील एका प्रकरणाचा विषय आहे. मूळ लेखकाचे परदेशी उदाहरण काढून विधवांच्या केशवपनाचे उदाहरण घ्यावे असे ठरल्यावर मी ‘केशवपनाची रूढी निरपेक्षपणे चूक होती’ असे वाक्य लिहिले. खर्डा वाचून माझ्या मावशीने, जी निवृत्त मुख्याध्यापिका आहे, विचारले, ‘‘म्हणजे कसलीही अपेक्षा न ठेवता केलेली चूक का गं?’’ तेव्हापासून ते वाक्य मला तसेच ऐकू येते. निरपेक्ष सेवा आणि निरपेक्ष प्रेम यांनी हा शब्द असा व्यापला आहे की तत्त्वज्ञानाला त्यात जागा उरलेली नाही. ‘सापेक्ष’ म्हणावे तर वाचकाला थेट आइन्स्टाइन आठवतो. आपण काय सुचवाल?

गणितशिक्षक
शाळेच्या बीजगणितात आपण ‘केवलमूल्य’ म्हणतो, म्हणजे संख्येचे चिन्ह कोणतेही असले तरी न बदलणारे मूल्य. तेच विशेषण इथे चालावे.

अनुवादिका
‘केवल चूक’ लिहिले तर मुद्रितशोधक त्याचे ‘केवळ चूक’ करील आणि अर्थ नेमका उलटा होईल. गुन्हा नव्हे, केवळ चूक!

कोशप्रेमी
मला वाटते, दोष ‘निरपेक्ष’ शब्दाचा नसून तो एकटा वापरण्याचा आहे. हा शब्द आपल्यापुढे सोबती मागतो. संविधानाच्या मराठी उद्देशिकेत ‘धर्मनिरपेक्ष’ आहे, तो वाचताना कोणालाही निष्काम सेवा आठवत नाही. त्याप्रमाणे कालनिरपेक्ष, व्यक्तिनिरपेक्ष, समाजनिरपेक्ष असे लिहावे. यात एक फायदाही आहे. नुसते ‘नीती सापेक्ष आहे’ म्हटले की मराठी कान लगेच ‘कशाशी?’ असे विचारतो, आणि तो प्रश्न टाळूनच बहुतेक वाद घातले जातात. महाभारताच्या शांतिपर्वात बारा वर्षांच्या दुष्काळात विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस चोरायला जातो. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्याच्या ‘कर्मजिज्ञासा’ प्रकरणात ही कथा घेतली आहे. तेथे नीती परिस्थितिसापेक्ष आहे, पण समाजसापेक्ष नाही, कारण त्या अवस्थेत सापडलेल्या कोणालाही तो आपद्धर्म, म्हणजे संकटकाळापुरती मुभा, लागू व्हावा. दोहोंना एकच ‘सापेक्ष’ लावून कसे चालेल?

संस्कृतानुरागी
महाभारत काढलेच आहे, तर उत्तरही त्यातच आहे: ‘धर्मो नित्यः सुखदुःखे त्वनित्ये’. जे बदलत नाही ते नित्य, जे बदलते ते अनित्य. ‘नित्य’ हा दोन अक्षरी शब्द उपलब्ध असताना समासांची आगगाडी कशाला? आणि नीतीच्या ग्रंथात ‘बरोबर’, ‘गैर’, ‘रास्त’ असली फारसी-अरबी उसनवारी न करता ‘उचित’ आणि ‘अनुचित’ हेच शब्द ठेवावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

कोशप्रेमी
‘नित्य’ आता नित्यनेमात आणि नित्योपयोगी वस्तूंत रुतला आहे. ‘केशवपन नित्य अयोग्य होते’ हे वाक्य रोज सकाळी घडणाऱ्या गोष्टीसारखे वाटते. ‘उचित’विषयी मात्र आपण थोडे सावध असावे. तो ‘उच्’ धातूपासून आला असून त्याचा जुना अर्थ ‘सवयीचे, अंगवळणी पडलेले’ असा आहे. म्हणजे शुद्धीच्या आग्रहातून आपण जो शब्द निवडला, त्याच्या पोटातच रूढी बसलेली आहे. ‘योग्य’ तरी वेगळा कुठे आहे? तो ‘युज्’चा, म्हणजे जोडण्याचा, कशाला तरी जोडल्याशिवाय काही योग्य ठरत नाही. याउलट ज्या ‘रास्त’ला आपण हाकलू पाहता, त्याचा फारसी अर्थ ‘सरळ’ असा आहे.

संस्कृतानुरागी
शब्दाच्या जन्मकुंडलीवरून त्याचा आजचा स्वभाव ठरत नाही, हे आपणच एरवी आम्हाला ऐकवता.

कोशप्रेमी
मान्य आहे. पण मग ‘गैर’लाही त्याच्या अरबी जन्माबद्दल शिक्षा नको. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘दुसरा, वेगळा’ एवढाच आहे. आपल्याहून वेगळे ते वाईट, हा प्रवास ‘यात गैर काय?’ असे आपण रोज विचारतो तेव्हा आपल्याच तोंडी असतो. सापेक्षतेचा याहून प्रामाणिक शब्द मला ठाऊक नाही.

पणजीकर
आमच्या घरी नीतीची सगळी चर्चा ‘बरें’ आणि ‘वायट’ या दोन शब्दांत उरकत असे. आभार मानायलाही ‘देव बरें करूं’ म्हणतात. आजीला मात्र तिसरे एक वाक्य होते, ‘तें बरें दिसना’, आणि त्याचा धाक आम्हा मुलांना पापापेक्षा जास्त होता. बरे असणे आणि बरे दिसणे यांतले अंतर पाठ्यपुस्तकात कुठे तरी यायला हवे.

अनुवादिका
पणजीकर, आपण नकळत माझ्या दुसऱ्या अडचणीवर बोट ठेवलेत. पुढच्याच परिच्छेदात मी लिहिले होते, ‘त्या काळी केशवपन चूक नव्हते’. लिहायचे होते ते ‘चूक मानले जात नव्हते’. मराठीत ही दोन वाक्ये बोलताना सहज एकमेकांची जागा घेतात, आणि सगळा तात्त्विक वाद तर त्या ‘मानले’मध्येच आहे.

कोशप्रेमी
शिवाय कर्मणी प्रयोगात मानणारा लपतो. ‘मानले जात नव्हते’, पण कोणाकडून? ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ ची. आगरकरांचे ‘सुधारक’ पत्र १८८८ मध्ये निघाले. १८९० साली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील न्हावी एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे त्यांनी ठरवले. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनाही त्याच काळात, त्याच शहरात ते कृत्य चूक वाटले. मग ‘समाजसापेक्ष’ म्हणताना तो समाज कोणाचा धरायचा? ज्या बाईचे केस गेले, ती या ‘त्या काळी’मध्ये मोजली होती का?

गणितशिक्षक
क्षमा असावी, पण ‘चूक’ हाच शब्द इथे हलका पडतो. गणितात उत्तर चुकते, जत्रेत मूल चुकते, नेम चुकतो, वाट चुकते. चुकलेल्या मुलाला कोणी दोषी धरत नाही. चुकण्यासाठी आधी वाट असावी लागते, आणि केशवपन करणारे तर आखलेल्या वाटेनेच चालले होते. वाटच वाईट होती. इथे ‘अन्याय’ लिहा.

संस्कृतानुरागी
‘अन्याय’ सुंदर आहे, आणि संस्कृत आहे.

अनुवादिका
‘अन्याय’ लिहिले की पुढे सापेक्ष-निरपेक्ष विचारायला जागाच उरत नाही, कारण वाक्याने निकाल आधीच दिलेला असतो. प्रकरणाला तर तो प्रश्न खुला हवा आहे. उद्या पाने द्यायची असल्यामुळे मी तूर्त ‘केशवपनाची रूढी मुळातच चूक होती’ असे लिहून ठेवले आहे.

कोशप्रेमी
‘मुळातच’ म्हणजे आरंभापासून. मग ती रूढी केव्हा सुरू झाली, हे कोणी तरी विचारणारच.

अनुवादिका
मावशीने विचारले आहे.