इको-सेन्सिटिव्हच्या यादीत आमचं गाव आलंय. छापील हरकतीवर सही करायची का?

पऱ्याकाठची
ऑगस्ट २०२४

संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला आमचं गाव. ३१ जुलैला केंद्राने पश्चिम घाटातल्या इको-सेन्सिटिव्ह, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा पुन्हा काढला, त्याच्या यादीत आमचं नाव आहे. विधानसभा जवळ आलीय, त्यामुळे परवा एक पुढारी दहाबारा कार्यकर्ते घेऊन वाडीत आले. हातात छापील कागद. वर "सदर अधिसूचनेस आमचा तीव्र विरोध आहे" एवढं एकच वाक्य आणि खाली सह्यांसाठी रेघा. सांगत होते, हे लागू झालं की घराची कौलं परतायलाही दिल्लीची परवानगी लागेल, आंब्याची फांदी छाटली तरी गुन्हा, जमीन विकता येणार नाही, उद्या नांगरही धरू देणार नाहीत. सासूबाईंनी घाबरून लगेच सही केली. मी पेन परत दिलं. म्हटलं, आधी वाचते, मग बघू.

त्या दिवसापासून डोक्यातून एक गोष्ट जात नाही. ३० जुलैला केरळात वायनाडला दरड कोसळली तेव्हा आमच्या गावच्या ग्रुपवर "गाडगीळांचं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती" हा मेसेज फिरला (पश्चिम घाट वाचवायचा अहवाल देणारे माधव गाडगीळ). ज्यांनी तो पाठवला, त्यांच्याच सह्या या कागदावर सगळ्यात वर आहेत. मी त्यांना दुटप्पी म्हणणार नाही. वायनाडचं त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं आणि राहत्या घराची भीतीही खरी आहे. पण दोन्हीचा संबंध काय, हे त्यांना कुणी बसून समजावलेलं नाही. राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत, आणि वाडीत पोचला तो फक्त विरोधाचा कागद. याचा मला फार राग येतो.

आमच्या वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर, चिरेखाणी आहेत, जांभ्या दगडाचे चिरे काढायच्या. पाऊस लागला की पऱ्याला, म्हणजे आमच्या ओढ्याला, तांबडा गाळ येतो, पिठासारखा बारीक. हंडा रात्रभर ठेवला तर सकाळी तळाशी बोटभर थर बसलेला असतो. खालच्या वाडीतल्या बायका वरच्या झऱ्यावर पाण्याला जातात, कारण पऱ्याचं पाणी जून ते ऑक्टोबर पिण्याजोगं राहत नाही. हे मी कितीदा ग्रामसभेत बोलले, पण तो विषय इतिवृत्तात येत नाही.

कुणी मूळ मसुदा वाचलाय का? घर, झाडं, शेती, जमिनीचा व्यवहार यांबद्दल त्यात नेमकं काय आहे? चिरेखाणीचं काय होणार? गणपतीला चाकरमानी येतील तेव्हा वाडीची बैठक आहे, त्याआधी मला नीट कळायला हवं.

घाटवाट

ताई, सही केली नाहीत ते उत्तम. मी पूर्ण वाचलाय.

घराबद्दल त्यांनी सांगितलं ते साफ खोटं. राहत्या घराची दुरुस्ती, वाढीव बांधकाम, नूतनीकरण यांवर बंधन नाही, असं मसुद्यातच लिहिलंय. बंदी आहे ती २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर आणि ५० हेक्टरपासून पुढच्या टाउनशिपवर. कौलं परतणाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. जमिनीची मालकी बदलण्यावर बंधन नाही, आणि शेती तर बंदीच्या यादीत नाहीच. झाडांचं म्हणाल तर खासगी जागेतला आंबा, फणस, साग, किंजळ तोडायला परवानगी आजही लागते, ती १९६४ च्या राज्याच्या कायद्याने. ती या मसुद्याने आणलेली नाही.

खरी बंदी आहे ती खाणकाम, दगडखाणी, वाळूउपसा, नवे औष्णिक वीज प्रकल्प आणि लाल यादीतले, म्हणजे सर्वांत जास्त प्रदूषण करणारे, नवे उद्योग यांवर. चालू खाणी अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षांत किंवा भाडेपट्टा संपेल तेव्हा, यातलं जे आधी येईल तेव्हा बंद. म्हणजे तुमच्या सड्यावरच्या चिरेखाणींना थेट लागू. सह्या गोळा करायची घाई कुणाला आहे, ते यावरून ओळखा.

आणि तो गाडगीळांचा मेसेज. हा मसुदा गाडगीळांचा नाही. जयराम रमेश पर्यावरण मंत्री असताना २०१० मध्ये माधव गाडगीळांची समिती नेमली. तिने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला आणि सरकारने तो मे २०१२ पर्यंत दाबून ठेवला, माहिती अधिकारात भांडावं लागलं तेव्हा बाहेर आला. त्या समितीने रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे वेगळं लक्ष दिलं होतं. कुठला भाग किती राखायचा हे ग्रामसभांशी बोलून ठरवा, हा त्या अहवालाचा गाभा. मग इस्रोचे माजी प्रमुख कस्तुरीरंगन यांची समिती आली. तिने एप्रिल २०१३ मध्ये, मुख्यतः उपग्रहाच्या चित्रांवरून, घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग निवडला. त्यावरून मार्च २०१४ पासून मसुदे निघतायत, हा सहावा. सहा राज्यांत मिळून ५६,८०० चौरस किलोमीटरच्या वर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४०. गावांना विचारायचं राहिलं ते राहिलंच.

जांभा_दगड

माझा डंपर कर्जाचा आहे, म्हणून माझंही ऐका. घाटवाट म्हणतात तसं सह्या घेणारे खाणमालकांचे असतीलही. पण खाणीत चिरा काढणारा आणि गाडी भरणारा मालक नसतो. सीझनला आमच्या भागातल्या कितीतरी घरांत त्यातूनच पैसा येतो. शिवाय कोकणात घर बांधायचं तर चिराच लागतो. तो दुसऱ्या तालुक्यातून आणायचा झाला तर भाड्यानेच माणूस मरेल. पाच वर्षांत बंद म्हणता, मग त्या पाच वर्षांत आमच्या हाताला दुसरं काय काम देणार, ते कुठे लिहिलंय? ते दाखवा, मीही विरोधाची सही मागे घेतो. पऱ्याचा गाळ मलाही दिसतो. माझी आई तेच पाणी पिते.

डिंभे_काठ

मी आंबेगाव तालुक्यातला शिक्षक. ३० जुलै २०१४ ला आमच्या तालुक्यातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली. वायनाड बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला. मधे २०२१ ला महाडचं तळिये, २०२३ ला खालापूरची इर्शाळवाडी. म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं की दरड येणार नाही, असं कुणी समजू नका. इर्शाळवाडीच्या माथ्यावर खाण नव्हती. माळीणच्या वेळी उतारावर जेसीबीने केलेल्या सपाटीकरणाची चर्चा होती, आणि ते शेतीसाठीच केलेलं होतं. खाण थांबणं गरजेचंच आहे, पण वाडीच्या वरचा उतार बघणं हे वेगळं काम आहे.

ते तुमचं तुम्हीच करू शकता. पावसाची उघडीप मिळाली की दोघातिघांनी वर जा. जमिनीला नवीन भेग पडलीय का, झाडं किंवा खांब कललेत का, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालंय का, नव्या जागी पाणी फुटलंय का, जोत्याला चीर गेलीय का. यातलं काही दिसलं तर तलाठ्याकडे तोंडी सांगू नका, तहसीलदारांना लेखी द्या आणि पोच घ्या. आणि जोराचा पाऊस असेल त्या रात्री उताराखालच्या घरांतली माणसं शाळेत झोपवा. लोक कंटाळतात, कुरकुरतात. तरी झोपवा.

पऱ्याकाठची

सगळ्यांचे आभार. जांभा_दगड दादा, तुमचं सगळ्यात जास्त लागलं, कारण आमच्या वाडीतली तीन घरं खाणीवरच जगतात आणि बैठकीत ती समोर बसलेली असणार.

मी ठरवलंय. छापील कागदावर सही नाही, आणि नुसता "पाठिंबा आहे" असा कागदही नाही. ग्रामसभेचा स्वतःचा ठराव मांडते. खाणबंदी आम्हाला मान्य आहे, पण खाणीवरच्या मजुरांच्या पर्यायी कामाची तरतूद अधिसूचनेतच लिहा. घरच्या बांधकामापुरता चिरा ग्रामसभेच्या परवानगीने काढू द्या. मसुदा आणि गावाचा नकाशा मराठीत द्या. अंतिम अधिसूचनेआधी अधिकाऱ्यांनी गावात येऊन सुनावणी घ्या. सासूबाईंना काल घराबद्दलचं वाक्य मराठीत करून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि "मग ते असं का सांगत होते?" म्हणून विचारलं.

ठराव मराठीत पाठवला तर चालेल ना? मुदत किती उरलीय?

घाटवाट

मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवस, म्हणजे सप्टेंबरअखेर धरा. गणपती ७ सप्टेंबरला, बैठक तेव्हाच घेतलीत तर वेळ पुरेल. पण वाडीच्या बैठकीचा ठराव पुरणार नाही, ग्रामसभा रीतसर नोटीस काढून बोलवायला लावा. ठरावावर तारीख, क्रमांक, सरपंच आणि ग्रामसेवकाची सही-शिक्का हवा. मराठीत पाठवाच, सोबत इंग्रजी प्रत जोडा म्हणजे भाषेचं कारण सांगून बाजूला ठेवणार नाहीत. एक प्रत दिल्लीला पर्यावरण मंत्रालयाकडे, एक जिल्हाधिकाऱ्यांना. इंग्रजी मी करून देतो, ठरावाचा मसुदा इथेच टाका. आणि या वेळी पऱ्याच्या गाळाचा विषय इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.