हळूहळू म्हणजे कुणाच्या सवडीने?

अनुजा
परवा वामनरावांनी लिहिलं, "व्यक्तिस्वातंत्र्य हे साध्य, टप्प्याटप्प्याने सुधारणा हा मार्ग. रानड्यांची वाटच बरोबर." दोन दिवस डोक्यातून जात नाही.

माझ्या आईचं लग्न मे १९९४ मधलं. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला तो २२ जून १९९४ पासून, तोही आधी लग्न झालेल्या मुली वगळून. धाकट्या मावशीचं लग्न त्याच डिसेंबरात. सख्ख्या बहिणी, एकीला हक्क, दुसरीला नाही. ती अट २००५ च्या केंद्राच्या कायद्याने रद्द झाली, पण मामांनी २००१ मध्येच वाटपपत्र नोंदवलं होतं. तुमच्या दोन टप्प्यांच्या मधे माझी आई सापडली.

वामन
आईंवर अन्याय झाला, वादच नाही. पण हिंदूंच्या लग्न-वारशाचे कायदे बदलणारं हिंदू कोड बिल एकगठ्ठा आणलं तेव्हा अडलं, बाबासाहेबांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला. तेच तुकडे करून १९५५-५६ मध्ये मंजूर झालं. पुढे मुलींना हा जन्मतः हक्क आंध्रने १९८६ मध्ये दिला, तमिळनाडूने १९८९ मध्ये, मग आपण. राज्यांनी आधी करून दाखवलं म्हणून २००५ सोपं गेलं.

मीनाक्षी
बाबासाहेबांचा राजीनामा तुमच्या बाजूने वापरू नका! ते या चालढकलीलाच विटून बाहेर पडले. आणि रानडे? विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्याने १८७३ मध्ये स्वतः अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं.

वामन
वडिलांच्या दबावाखाली केलं. त्याच रमाबाईंना त्यांनी शिकवलं, हेही लिहा की.

कोरडवाहू
रानडे राहू द्या. कायदा झाला, सातबाऱ्यावर नाव लागलं, पुढे काय? आमच्याकडे वारसनोंद झाली की बहिणीला गाडीत घालून दुय्यम निबंधकाकडे नेतात. हक्कसोडपत्रावर सही, येताना साडी. ही हक्कसोड बंदच करा.

दत्ता
मी तसाच एक भाऊ. अडीच एकर, तीन बहिणी. आईवडिलांचा दवाखाना मी केला, लग्नांचं कर्ज मी फेडलं. बहिणींनी खुशीने सह्या दिल्या. स्वातंत्र्याच्या गप्पा मारताय ना, मग हक्क सोडायचंही स्वातंत्र्य असू द्या.

मीनाक्षी
खुशीने? माझ्या आत्याने सही दिली नाही. अकरा वर्षं तिला भाऊबीजेचं बोलावणं नाही. माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला खुशी म्हणता?

दत्ता
माझं घर तुम्ही पाहिलंय का? तोंड सांभाळून बोला.

अनुजा
दत्ताभाऊ, कर्ज तुम्ही फेडलंत, त्याचा हिशोब जरूर मांडा. वाटणीत तो धरताही येईल. पण बहिणीचा हिस्सा शून्य, हा कुठला हिशोब?

वामन
मला सरकारच्या दडपणाची काळजी असते, घरातल्या दडपणाचा विचार मी केला नव्हता. एवढं मान्य करतो, नाइलाजाने. बंदीला मात्र विरोध कायम. उद्या खरंच द्यायचं असेल तिलाही अडवाल. त्यापेक्षा वारसनोंदीनंतर वर्षभर हक्कसोड नोंदवूच नये.

कोरडवाहू
वर्षाने गाडी येईलच की दारात.

दत्ता
काल थोरलीला फोन केला. विचारलं, सही मनापासून दिली होतीस ना? म्हणाली, "आता कशाला तो विषय," आणि पोरांच्या परीक्षेचं बोलायला लागली. अडीच एकराचे चार तुकडे कुणालाच पुरणार नाहीत, हे माझं म्हणणं अजून तेच आहे. दिवाळीत तिघींना बसवून पुन्हा विचारतो.