पाच सेकंदांत गायब होणारी पाटी नक्की कुणाच्या सोयीची?

दिवेलागण
परवा इथे 'रात्रपाळी' यांनी लिहिलं होतं: "अलर्टचे चौकोन काढून टाका, टोस्टर प्लगइन लावा. दोन ओळींचं काम. कोपऱ्यात पाटी येते, आपोआप जाते, वापरणाऱ्याला काडीचा त्रास नाही." (अलर्ट म्हणजे ओके दाबेपर्यंत पान अडवणारा ब्राउझरचा चौकोन; टोस्टर म्हणजे वेबपानाला जोडायचा तयार कोड, आणि त्याने येणारी छोटी पाटी म्हणजे टोस्ट.) तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

त्रास नाही हे कुणी ठरवलं? माझे वडील ७४ वर्षांचे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी पाणीपट्टी ऑनलाइन भरली. बटण दाबलं तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून, मोबाइल नाकाजवळ धरून ते रकमेच्या चौकटीकडे बघत होते. वरच्या कोपऱ्यात हिरवी पाटी आली आणि गेली. त्यांना वाटलं, काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. ११८० रुपये दोनदा कापले गेले, परत यायला सात आठवडे लागले. त्या सात आठवड्यांत त्यांनी एकही बिल स्वतः भरलं नाही, "तूच भर बाबा" म्हणाले. पैशांपेक्षा हे जास्त लागलं मला.

नंतर पानाचा कोड उघडून पाहिला. टोस्टरच. जसं उतरवलं तसंच लावलेलं: उजवा वरचा कोपरा, टाइमआउट, म्हणजे पाटी दिसण्याची वेळ, ५००० मिलिसेकंद, म्हणजे पाच सेकंद. पाटी कुठे येणार हे कोड लिहिणाऱ्याला आधीच माहीत असतं, म्हणून त्याला पाच सेकंद पुरतात. माउस पाटीवर नेला तर ती थांबते, हे खरं. मोबाइलवर माउस कुठून आणायचा?

रात्रपाळी
नाव घेतलंय तर सविस्तरच लिहितो. मी एका बाजार समितीचं आवक नोंदीचं सॉफ्टवेअर सांभाळतो. कांद्याच्या हंगामात एक ऑपरेटर ताई दिवसाला चारशेच्या वर काटापट्ट्या टाकतात. पूर्वी प्रत्येक नोंदीनंतर ब्राउझरचा अलर्ट यायचा, 'नोंद झाली', आणि ओके दाबल्याशिवाय पान जागचं हलायचं नाही. म्हणजे दिवसाला चारशे एंटर फुकटचे. हाताला इतकी सवय झाली की एकदा 'वजन चुकलं आहे' हा अलर्टही न वाचता एंटरखाली गेला, आणि शेतकऱ्याच्या पट्टीवर ५२ ऐवजी ५.२ क्विंटल छापलं गेलं. संध्याकाळपर्यंत समितीत आरडाओरडा चालला होता. टोस्ट लावल्यापासून ताईंचा हात अडत नाही.

अँड्रॉइडचा टोस्ट तर २ किंवा ३.५ सेकंदच दिसतो. इतकी वर्षं लोक वापरताहेत.

आणि तुमच्या वडिलांचे पैसे दोनदा गेले ते बटण दुसऱ्यांदा दाबता आलं म्हणून. पहिल्या दाबण्यासरशी बटण बंद व्हायला हवं होतं, आणि तोच व्यवहार सर्व्हरने दुसऱ्यांदा घ्यायलाच नको होता. तिथलं काम कच्चं ठेवायचं आणि प्लगइनच्या नावाने बोटं मोडायची, हे मला पटत नाही.

जोडाक्षर
थोडं अवांतर, पण मूळ मुद्द्याशी संबंध आहे. पाच सेकंद कमी पडतात त्याला पाटीवरचं मराठीही कारणीभूत आहे. "आपली माहिती यशस्वीरित्या जतन करण्यात आलेली आहे." एक तर 'रीत्या' दीर्घ. दुसरं, टोस्टरच्या पाटीची रुंदी ३०० पिक्सेल. त्यात हे वाक्य दोन-तीन ओळींत मोडतं, आणि ओळींतलं अंतर इंग्रजीच्या मापाचं ठेवलं असेल तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. 'माहिती जतन झाली' एवढं लिहा. एका नजरेत वाचून होतं.

खटाटोप
'जतन' तरी कशाला? जतन गडकिल्ल्यांचं करतात. आमच्या पतसंस्थेत एकही माणूस 'जतन' म्हणत नाही, सगळे 'सेव्ह झालं' म्हणतात. मागे नवीन सॉफ्टवेअर आलं, त्यात 'जतन करा' आणि 'रद्द करा' शेजारीशेजारी होते. आमच्या वसुलीवाल्या काकांनी दोन दिवस भलतंच बटण दाबलं. सगळ्या नोंदी पुन्हा टाकाव्या लागल्या, रविवारी.

जोडाक्षर
काकांना दोन बटणं एकमेकांना खेटून ठेवल्याचा त्रास झाला, शब्दाचा नाही. 'जतन' रोज दिसला की रुळतो. 'जमा', 'नावे', 'शिल्लक' हे शब्द तुमच्याच पतसंस्थेत रुळलेत ना? लोकांना कळत नाही म्हणत प्रत्येक मराठी शब्द काढत गेलात तर उद्या पासबुकात क्रियापदं तेवढी मराठी उरतील.

खटाटोप
मला मराठीचं प्रेम शिकवू नका. पंचवीस वर्षं काउंटरवर बसून लोकांचे फॉर्म मराठीत भरून दिलेत मी. समोरच्याला कळतो तो शब्द मराठी.

जोडाक्षर
मग 'नोंद झाली' म्हणा. तोही कळतो आणि आपलाही आहे.

खटाटोप
'नोंद झाली' चालेल. 'जतन' नाही.

सायंतारा
तुमचं शब्दांवरून चाललंय, पण माझ्यापर्यंत यातला एकही शब्द पोचत नाही. मला दिसत नाही. मी एनव्हीडीए हा स्क्रीन-वाचक वापरते, तो प्रोग्रॅम स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवतो. अलर्टचा चौकोन आला की तो लगेच बोलतो. कटकट होते, पण मला कळतं. टोस्ट आला की बरेचदा शांतता.

टोस्टर पाटीला एरिया-लाइव्ह लावतं, म्हणजे 'इथला मजकूर बदलला की वाच' अशी स्क्रीन-वाचकासाठीची खूण, हे खरं. पण लावतं ते नव्याने बनवलेल्या पाटीलाच. स्क्रीन-वाचकाला ती जागा पानावर आधीपासून हवी असते, मग त्यातला मजकूर बदलला की तो वाचतो. टोस्टरमध्ये शेवटची पाटी गेली की तिचा डबाही पानावरून निघून जातो. म्हणून कधी वाचलं जातं, कधी नाही. आणि कधीकधी वाचणं हे कधीच न वाचण्याहून वाईट, कारण मी त्याच्यावर विसंबते.

अशा संदेशांचा नियम डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, म्हणजे वेबपानं अपंगांनाही वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत, २०१८ पासून आहे, कलम ४.१.३. गिटहब या कोड ठेवायच्या साइटची डिझाइन प्रणाली तर टोस्ट वापरूच नका म्हणते. परीक्षेचा फॉर्म भरताना फोटोचा आकार चुकल्याची पाटी येऊन गेली, मला कळलीच नाही. मी तीन तास तेच बटण दाबत होते. शेवटी शेजारच्या मुलीला बोलावलं तेव्हा तिने वाचून दाखवलं.

रात्रपाळी
हे मला माहीत नव्हतं. एरिया-लाइव्ह आहे म्हटल्यावर मी पुढे तपासलंच नाही.

ठीक. चूक सांगणारा संदेश टोस्टमध्ये नको, हे मान्य. तो ज्या चौकटीत चूक आहे तिच्याखाली लिहायचा आणि दुरुस्त होईपर्यंत तिथेच ठेवायचा. पैशाचा संदेशही पानावरच, पावती क्रमांकासकट. पण 'नोंद झाली' हा टोस्ट मी काढणार नाही. ताईंचे चारशे एंटर मी परत आणणार नाही, कुणी काहीही म्हणो.

दिवेलागण
चारशे एंटर परत आणा असं मी म्हटलेलंच नाही. बटणाचा आणि सर्व्हरचा मुद्दा तुमचा बरोबर, तो माझ्या लिहिण्यात यायला हवा होता. पण 'त्रास नाही' हे वाक्य मागे घ्या. वेळ वापरणाऱ्याच्या हातात द्या, एवढंच माझं म्हणणं आहे. जीमेलमध्ये पाठवलेली मेल मागे घ्यायची पाटी ५ सेकंद ठेवायची की ३० हे आपण ठरवतो. ते जमतं, तर इथे का नाही?

रात्रपाळी
घेतलं मागे. टाइमआउट ऑपरेटरच्या सेटिंगमध्ये टाकतो, तो आणि माउस हटल्यानंतरचा एक्स्टेंडेड टाइमआउट दोन्ही शून्य ठेवले की पाटी आपण बंद करेपर्यंत राहील. स्क्रीन-वाचकासाठी पानाच्या तळाशी एक कायमची जागा ठेवतो आणि प्रत्येक टोस्टचा मजकूर तिथेही लिहितो, नजरेला न दिसणारा. टोस्टरची स्वतःची एरिया-लाइव्ह मग काढावी लागेल, नाहीतर दोनदा वाचेल. आणि शब्द 'नोंद झाली' हाच, तो ताईंचाच आहे.

सायंतारा
चाचणीच्या पानाची लिंक इथेच द्या. एनव्हीडीए लावून फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हींत बघते आणि सांगते.